सर्व्हेअर यायच्या आधी सुधरवलेलं दार

त्या दिवशी गाडी मीच चालवत होतो. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण पुढचे दोन महिने ज्यानं त्यानं मला हेच विचारलं. पोलीस ठाण्यातल्या जमादारानं विचारलं, विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईनं विचारलं, गॅरेजच्या मिस्त्रीनं विचारलं. प्रत्येकजण आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहायचा आणि मग विचारायचा. फोनवरच्या बाईला केस दिसत नव्हते, तर तिनं वय विचारून घेतलं.

मी चालवत होतो, लायसन खिशात होतं आणि चूक माझी नव्हती. एवढं सांगितल्यावर पुढचं सगळं मी माझ्याच हातानं बिघडवलं, तेही सांगायला हरकत नाही.

आम्ही मासे मारणारे लोक. माझ्या आजानं वैनगंगेत डोंगा चालवला, बापानं गावच्या तलावात जाळं टाकलं, मीही तेच केलं. शहापूरहून आत गेलं की आमचं गाव. पूर्वी टोपल्या डोक्यावर घेऊन बायका भंडाऱ्याच्या बाजारात जायच्या, मग सायकल आली, मग एसटीच्या टपावर टोपल्या चढल्या आणि शेवटी आमच्या घरी पिकअप आलं. कागदावर माझं नाव आहे, चालवतो माझा मुलगा. मला एकच मुलगा.

त्या वर्षी त्याला एक मोठं काम मिळालं होतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की आमची मच्छीमार सोसायटी मोठी मासेमारी काढते. पंधरा-वीस दिवस रोज माल निघतो आणि सगळा माल न्यायचं काम एकाच गाडीला देतात. दोन वर्षं अध्यक्षाच्या मागे फिरून फिरून मुलानं ते मिळवलं होतं. अट एकच होती, पहिल्या दिवशी गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी पाहिजे. नसली तर काम शहापूरच्या गाडीवाल्याला.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. सुनेच्या भावाचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तिचं माहेर तिकडे आंबागडाजवळ, म्हणून मुलगा आणि सून दोन दिवसांसाठी गेले होते. माल तर रोज जायलाच पाहिजे. मी सकाळी माशांचे कॅरेट भरले, वरून बर्फ टाकला आणि निघालो. शहापूरला हायवेवर चढायच्या आधी मी थांबलो. थांबलेलो होतो, हे ध्यानात ठेवा. समोरून कोंड्याची पोती भरलेला ट्रक आला. त्याच्यापुढे एक मोटरसायकलवाला मध्येच घुसला, त्याला वाचवायला ट्रक वळला तो माझ्यावर. डाव्या बाजूचा कोपरा, डावं दार, समोरची काच, पुढची जाळी, सगळं एका आवाजात आत गेलं.

मला गुडघ्याला मार लागला, बाकी काही नाही. मागचे कॅरेट उलटले. रोहू आणि कतला रस्त्यावर पसरले. जमलेले लोक अर्धे मासे उचलून देत होते, अर्धे उचलून नेत होते.

ट्रकचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता, दूरचा.  "बाबूजी, लगा तो नहीं?" असं तीनदा विचारलं त्यानं. मग मालकाला फोन लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. मालक गोड बोलत होता. "दादाजी, जो खर्चा होगा बोल दो, अभी भिजवाता हूँ, थाने के चक्कर में मत पड़ो."

मी म्हटलं, "मेरी गाडी का बीमा है. मैं किसी के टुकडे पे नहीं जीता."

आणि फोन परत दिला. दहा लोकांसमोर बोललो होतो, चांगलं वाटलं. ट्रक निघून गेला. त्याचा नंबर लिहून घ्यायचं मला सुचलं नाही, कोणी आठवणही करून दिली नाही. सगळे मासे वेचण्यात होते.

गावातल्या एकाचा ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढत घरी आणली. घरधनीण अंगणात आली, गाडी पाहिली, माझा गुडघा पाहिला आणि म्हणाली, "पोराले फोन लावा."

"लावून का होते? तो तिथून दार सरळ करते का?"

"सांगाले तर पायजे ना."

"पाहुण्यांत बसला असन. येईन तवा दिसनच त्याले."

माझ्या मनात वेगळंच होतं. तो येईल तेव्हा त्याला तुटलेली गाडी दिसूच द्यायची नव्हती.

याला कारण माझा बाप. आमच्या घरी फाटलं जाळं खुंटीला टांगायचं नाही, असा त्याचा नेम होता. पाण्यातून आलं की आधी पाहायचं, फाटलं असेल तर तिथंच बसून विणायचं, मग हातपाय धुवायचे, मग भाकर. डोंग्याला चीर गेली तरी तसंच. बाप म्हणायचा, "फाटकं जाळं पाहून मासाही हासते." मी लहान असताना एकदा तसंच टांगलं, तर त्यानं मला उपाशी बसवून पूर्ण विणून घेतलं आणि मग स्वतःही माझ्यासोबतच जेवला, तोपर्यंत तोही उपाशी होता. तेव्हापासून मोडकी वस्तू घरात ठेवून मला अन्न गोड लागत नाही. खाट असो, पंप असो, छत्री असो. चौथीपर्यंत शाळा शिकलो, तिथलं फारसं राहिलं नाही, पण हे राहिलं.

तर मी गावच्या लोहाराला बोलावलं. तो आणि मी एका वयाचे. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "पोरगा कुठं हाय?"

"सासुरवाडीले."

"मंग बरं हाय," म्हणाला, "शांततेत काम होईन."

जाळ्यावरचे दोन सोबती आले. गाडीचा कोपरा दोरानं बांधला, गाडीचं मागचं अंग कडुलिंबाला बांधलं आणि ट्रॅक्टरनं हळूहळू ओढला. दार काढून वाळूवर ठेवलं, खाली पोतं टाकलं आणि लाकडी हातोड्यानं आतून ठोकत गेलो. बिजागऱ्या लोहारानं भट्टीत तापवून सरळ केल्या. बंपरही बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडत होतं आणि लागत होतं. लावताना दोन्ही हातांनी जरा वर उचलावं लागायचं, पण लागायचं. काच, पुढची जाळी, रेडिएटर आणि डावा लाईट आमच्या हातचं काम नव्हतं, ते तसंच राहिलं. फुटलेल्या काचा झाडून खड्ड्यात पुरल्या, कोणाच्या पायात जायला नको. मग गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मुलगा आणि सून दुपारच्या एसटीनं उतरले. मी अंगणातच बसलो होतो. म्हटलं, "ट्रकनं ठोकली. पण घाबरू नोको, पाह्य."

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली. दारावर हात फिरवला.

"मार कुठं बसलता, बाबा?"

"वळख तूच," मी म्हटलं. मला वाटलं तो कौतुकानं विचारून राहिला.

"कंपनीले फोन केलता?"

"थे तुझ्यासाठी ठेवलं. मोबाईलमधलं तुले समजते."

"फोटो काढला?"

"कायचा?"

"तुटलेल्या गाडीचा, बाबा."

"तुटलेल्या गाडीचा फोटो कोन काढते? फोटो चांगल्या गाडीचा काढते."

तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. सून पिशव्या घेऊन दारात उभी होती. पदर सावरून सासूला म्हणाली, पण मला ऐकू येईल अशी, "मामाजीनं इतकं सुंदर केलं की आता विमावाले आपल्यालेच पैसे मागतीन."

घरधनीण हसली. त्या घरात त्या दिवशी तीच एक हसली.

मुलानं फोन लावला. आधी एक यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा. मग गाणं वाजलं. मग बाई आली. तिनं सगळं विचारलं, गाडी कोण चालवत होतं, वय काय, ठाण्यात नोंद केली का. शेवटी म्हणाली की गाडी गॅरेजला न्या, सर्व्हेअर येऊन नुकसान पाहतील, तोपर्यंत गाडीला कोणीही हात लावू नका. फोन मोठ्या आवाजावर होता. "हात लावू नका" हे ऐकून मुलानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. जमादारानं विचारलं, ट्रकचा नंबर? मी म्हटलं, नाही. ड्रायव्हरचं नाव? नाही. मालकाचा फोन? तो ड्रायव्हरच्या फोनवर होता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "काका, म्हणजे तुमाले कोनीतरी ठोकलं आन तुमी त्याले जाऊ देल्लं." मी म्हटलं, हो. त्यानं तसंच लिहिलं.

गाडी ओढत भंडाऱ्याला नेली. तिथला मिस्त्री चांगला माणूस होता, तोंडात तंबाखूचा खर्रा, बोलताना मान वर करून बोलायचा. त्यानं गाडी पाहिली आणि लोहाराचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "हात चांगला हाय त्याचा. बैलगाडी मस्त करत असन."

मग सुरू झालं वाट पाहणं. सर्व्हेअरकडे म्हणे दोन-तीन जिल्हे होते. आज येतो, उद्या येतो, दुसरीकडे मोठा अपघात झाला, साहेब तिकडे गेले. मुलगा सकाळी ऑटोत माल टाकून बाजारात न्यायचा. ऑटोत किती कॅरेट मावणार. उरलेला माल गावातच व्यापाऱ्याला द्यावा लागे आणि तो काय भाव करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी एसटीनं भंडाऱ्याला यायचो आणि गॅरेजमध्ये बसून राहायचो. तिथं जुन्या ट्रकची एक सीट भिंतीला लावून ठेवली होती, तीच माझी जागा. मला यायची गरज नव्हती. पण गाडी माझ्या नावावर, सही माझी लागणार, आणि साहेब आला तेव्हा मी नव्हतो असं व्हायला नको होतं. खरं सांगायचं तर घरी बसवत नव्हतं. घरी कोणी काही म्हणत नव्हतं, तेच जड जायचं. मुलगा जेवायला बोलवायचा तेही आईमार्फत. "आई, बाबाले म्हनाव ताट वाढलं." मी तीन हातांवर बसलेलो असायचो.

गॅरेजमध्ये बसून बसून मी बरंच पाहिलं. ठोकलेल्या गाड्या यायच्या, मालक यायचे, कागदांच्या पिशव्या घेऊन. कोणाचा विमा संपून चार दिवस झालेले, कोणाच्या लायसनवर वेगळंच नाव. सगळ्यांचे चेहरे सारखेच. माझाही तसाच असेल, मी आरशात पाहिला नाही.

आठव्या-नवव्या दिवशी मिस्त्री माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. मुलगाही तेव्हा बाजारातून आला होता.

"काका, राग नोका मानू," मिस्त्री म्हणाला. "दार सुधरलं नाई. दार गप्प बसवलं हाय तुमी."

"लागते ना."

"लागते. पण आतली पट्टी वाकडीच हाय. आन कोपरा दोन बोटं आत हाय. नवी काच आनली तरी त्या चौकटीत बसनार नाई. बसवली जबरदस्तीनं, तर पहिल्या खड्ड्यात तडकन."

मी उठून गेलो, दार उघडलं, लावलं. परत उघडलं. त्याचं म्हणणं खरं होतं हे मला लावतानाच कळलं. मला ते घरीच कळलं होतं, वाळूवरून उचललं तेव्हाच. पण लोहार म्हणाला होता झालं, आणि मीही म्हटलं होतं झालं.

"तर कोपरा पूर्ण कापून नवा लावावा लागन, दार नवं," मिस्त्री सांगत होता. "थे विम्यात गेलं तर ठीक. पण साहेबाले दिसन का? साहेबाले लागनारं दार दिसन."

"मंग?" मुलानं विचारलं.

मिस्त्रीनं खर्रा थुंकला. "जिथं मार होता तिथंच दोन ठोके मारतो. होतं तसं करतो. नवं काही करून नाई राहिलो."

"मारा," मुलगा म्हणाला.

"नाई," मी म्हटलं.

"काहून नाई? ट्रकनं मारलं थे खरंच हाय ना? तेवढंच दाखवाचं हाय."

"मी सरळ केलं थे माझ्यासमोर कोनी वाकवाचं नाई."

"मंग तुमच्या माघारी वाकवतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "तलाव आटून राहिला, बाबा. काल अध्यक्ष विचारत होता, गाडी येते का नाई म्हणून. मी येते म्हटलं. कोनाच्या भरोशावर म्हटलं? तुमाले दार पायजे का मले काम पायजे?"

मिस्त्री पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

मी गॅरेजसमोर चहाची टपरी होती, तिथं जाऊन बसलो. चहावाल्यानं न विचारता कप ठेवला. मग हातोड्याचा आवाज आला. मी सगळी उमर ठोकाठोकी ऐकली आहे. सुधरवणारा माणूस एक ठोका मारतो, थांबतो, पाहतो, मग दुसरा मारतो. हे ठोके थांबत नव्हते. पाच-सहा झाले आणि बंद झाले. मी चहा तसाच ठेवला आणि एसटीनं घरी गेलो.

सर्व्हेअर दुसऱ्याच दिवशी आला. नऊ दिवस आला नाही आणि नेमका दुसऱ्या दिवशी आला. मोटरसायकलवर होता, सडपातळ, पंचेचाळीस-पन्नासचा, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हेल्मेट कोपरात अडकवून त्यानं आधी पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायला. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणाला. मग कामाला लागला. रेडिएटरचे फोटो काढले, काचेची चौकट, लाईट, नंबर प्लेट, इंजिनवरचा नंबर. दाराजवळ आला आणि थांबला. बोटानं दार घासलं. बोटाला रंगाचे ताजे पापुद्रे आले.

"हा मार कधीचा?"

मिस्त्री पेटीत वाकला. मुलगा म्हणाला, "त्याच दिवसचा, साहेब."

"अपघात होळीच्या आठवड्यातला. याच्यावर धूळही बसली नाही." त्यानं पुन्हा बोट पाहिलं. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळला. "गाडी तुमच्या नावावर आहे ना काका? तुम्ही सांगा."

मला सांगायचं आहे की त्या वेळेला मी लगेच खरं बोललो. तसं झालं नाही. मी मुलाकडे पाहिलं. तो दाराकडे पाहत होता. खरं म्हटलं तर पोरगा दहा लोकांत खोटा पडतो, क्लेम जातो, काम जातं. खोटं म्हटलं तर हा माणूस तसा मूर्ख नव्हता, त्याला सगळं दिसतच होतं. म्हणजे तरीही जातं. आणि हे सगळं कोणामुळे? पोरानं दार वाकवलं ते मी सरळ केलं म्हणून.  मागे कोणीतरी कंप्रेसर सुरू केला आणि बंद केला.

"काल मारला," मी म्हटलं. "त्याच्या आधी मी सरळ केलता. त्याच्या आधी ट्रकनं वाकवलता. पोराची चूक नाई. मी सरळ केलं नसतं तर त्याले कराव लागलं नसतं."

"सरळ काहून केला?"

सांगावं लागलं. जाळ्याचं, बापाचं, लोहाराचं, कडुलिंबाचं. काच पुरली तेही सांगितलं. साहेब ऐकता ऐकता माझ्या त्या ट्रकच्या सीटवर बसला. मिस्त्रीनं त्याच्यासाठी चहा मागवला, त्यानं नाही म्हटलं नाही.

"काका," तो म्हणाला, "मी वीस वर्षांपासून हेच काम करून राहिलो. कमी वाकलेली गाडी जास्त वाकवून दाखवणारे रोज भेटते. सरळ करून दाखवणारे तुम्हीच."

"दाखवाले नाई केलं."

"तेच म्हणतो." त्यानं चहा संपवला. "आता ऐका. दार मी पाहिलं नाही. कोपराही पाहिला नाही. काच, रेडिएटर, लाईट, पुढची जाळी, एवढंच माझ्या कागदात जाईल. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा. आणि अपघात कसा झाला ते मालकानं लिहून द्या."

मुलानं मोबाईल काढला, त्याच्याकडे ते टाईप केलेलं तयार होतं. मी म्हटलं, मी लिहितो. कोरा कागद मागितला. माझं अक्षर मोठं, ओळ वर चढत जाते. शहापूर, ट्रक, मोटरसायकलवाला, मी थांबलेलो होतो, सगळं लिहिलं. मग लिहायला घेतलं, दार मी गावच्या लोहाराकडून...

साहेब उलट्या बाजूनं वाचत होता. "काका, दार नको."

"झालं थे लिहू नोको?"

"दार लिहिलं तर दोन वेळा वाकलेलं लिहावं लागेल. मग वरचा साहेब सगळीच फाईल परत पाठवेल. काचही जाईल."

"मंग हे खोटं होते."

"खोटं नाही होत. कमी होते."

"माझ्या सहीखाली कमी नाई पायजे."

साहेबानं घड्याळ पाहिलं. त्याला अजून एका गावाला जायचं होतं. "काका, मी माझ्या नोकरीवर आज एक काम करून राहिलो," तो हळू म्हणाला. "तुम्ही तुमच्या अक्षरात ते मोडू नका."

मुलगा तिथंच उभा होता. मला वाटलं आता ओरडेल. तो चपलेनं जमीन पुसत होता, जिथं पुसायचं काही नव्हतं. माझ्यापुढे तो असा लहानपणीही कधी उभा राहिला नव्हता. मी पेन उचललं आणि ती ओळ खोडली.

"खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाला. दुसरा कागद दिला.

सगळं परत लिहिलं, पहिल्यापासून. या वेळी 'मी थांबलेलो होतो' यावर संपवलं. सही केली. साहेबानं कागद पिशवीत घातला, हेल्मेट घातलं आणि गेला. मिस्त्री म्हणाला, "वाचलो बाप्पा." 

एवढं होऊनही कागद दोनदा फिरले. एकदा पॉलिसीची झेरॉक्स पुसट होती. एकदा बँकेच्या पासबुकावर माझं नाव एका तऱ्हेनं आणि आरसीवर दुसऱ्या तऱ्हेनं निघालं, मग मी तोच माणूस आहे असं मला कोर्टाजवळच्या टपरीवर स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला दिवस जातो. सकाळी गेलो, दुपारी चारला मोकळा झालो. माझ्यासोबत रांगेत एक म्हातारी होती, तिचंही तेच काम. ती म्हणाली, "मले तर आता मलेच शंका येऊन राहिली."

काच, रेडिएटर, लाईट, जाळी विम्यात बसलं. दार आणि कोपरा आमच्या अंगावर. मिस्त्रीनं कोपरा कापून नवा लावला. दार त्यानं भंगारवाल्याकडून आणलं, दुसऱ्या गाडीचं, निळं. आमची गाडी पांढरी.

गाडी पाळीवर आली तेव्हा मासेमारी निघून चार दिवस झाले होते. चार दिवस माल शहापूरच्या गाडीनं गेला. मी अध्यक्षाकडे जाऊन बसलो, जो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि ज्याला जाळं फेकायला मी शिकवलं. मी आयुष्यात कोणाकडे कामासाठी बसलो नव्हतो. तो म्हणाला, "काका, तुमी कायले आले, पोरगा आला असता." मग उरलेले दिवस त्यानं वाटून दिले, एक दिवस आमची गाडी, एक दिवस शहापूरची. अर्धं काम मिळालं. अर्ध्यावर मुलगा खूश नव्हता आणि मी काही बोलू शकत नव्हतो.

पावसाच्या आधी, मासेमारी सगळी आटोपल्यावर, तो एकदा सकाळी माझ्याजवळ येऊन बसला. या वेळी आईमार्फत नाही.

"बाबा, गाडी माझ्या नावानं करून द्या."

"काहून?"

"उद्या काही झालं तर सही माझी पायजे."

मला फार लागलं ते. मी त्याला म्हटलं, मी मेल्यावर कर. पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, जसा तो माझ्याशी बोलला नव्हता. सून म्हणाली, "मामाजी, तुमी दोघं बापलेक एकाच साच्यातले, घरात नुसती आई बोलते." मग मी विचार केला. तो काय चुकीचं म्हणत होता? त्याच्या जागी मी असतो तर त्याच दिवशी मागितली असती, दोन महिने थांबलो नसतो.

भंडाऱ्याला आरटीओच्या ऑफिसात गेलो, तोच घेऊन गेला. फॉर्म भरले त्यानं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, संबंध काय. मी म्हटलं, बाप. तो फॉर्म पलटवता पलटवता म्हणाला, "अजून धडधाकट दिसता काका. कायले देऊन राहिले इतक्या लवकर?"

मुलगा पुढे झाला, "बाबाले आता आराम—"

"आराम नाई," मी म्हटलं. "मले गाडी सुधरवाची घाई होते. त्याले नाई होत."

त्या माणसाला काही कळलं नाही. मुलाला कळलं. त्यानं मान दुसरीकडे वळवली. माझी पहिली सही जुन्या सहीशी जुळली नाही, जुनी सही ताठ होती, आताची कापरी. परत केली, तीही नाही जुळली. तिसरीला तो म्हणाला, चालते. मग त्यानं आणखी एका जागी बोट ठेवलं आणि मी तिथंही सही केली.